नियमातून उगवणारी अनियमितता

धाराशिव जिल्ह्यात, परांड्यापासून उमरग्यापर्यंत कुठेही, शेताच्या बांधाचा वाद भूमी अभिलेख कार्यालयात पोहोचला की मोजणीसाठी आता अनेकदा रोव्हर येतो. शंकू-साखळीच्या आणि प्लेन टेबलच्या काळात जी हद्द ठरवायला दिवस मोडत असे, ती काठीच्या टोकावर बसवलेले हे ग्राहकयंत्र उपग्रहांच्या आधारे काही मिनिटांत ठरवते, आणि ज्या शेतकऱ्याचा गट नंबर मोजला जात असतो त्याला यंत्राच्या अचूकतेवर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. हा भरवसा कशावर उभा आहे याचा शोध घेऊ लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट समोर येते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती इतकी क्षीण झालेली असते, की एका वॉटला एकावर सोळा शून्ये लिहून येणाऱ्या संख्येने भागावे लागते. ग्राहकयंत्राच्या स्वतःच्या विद्युतमंडलात, केवळ त्याच्या तापमानामुळे, जो गोंगाट निर्माण होतो तो या संदेशाच्या जवळजवळ शंभरपट मोठा असतो. तरीही यंत्र तो संदेश वेचून काढते, कारण प्रत्येक उपग्रहाने आपल्या संदेशावर अधिक एक आणि उणे एक अशा चिन्हांची एक ठरावीक माळ चढवलेली असते आणि त्या माळेची प्रत यंत्राजवळ असते.

या माळेला विस्तारक क्रमिका म्हणतात. जीपीएसच्या सर्वसाधारण नागरी संदेशात प्रत्यक्ष माहिती सेकंदाला अवघे ५० बिट या गतीने येते, परंतु तिच्यावर चढवलेल्या क्रमिकेची चिन्हे सेकंदाला १०,२३,००० वेळा बदलतात. अशा एका चिन्हाला चिप म्हणण्याचा प्रघात आहे. संथ माहितीला अशा वेगवान चिन्हांनी गुणले की तिची ऊर्जा एका अरुंद वारंवारतेवर न राहता रुंद पट्ट्यात पातळ होऊन पसरते, म्हणून या पद्धतीला विस्तार हे नाव मिळाले. १,०२३ चिपांची माळ बरोबर एका मिलिसेकंदात संपते आणि पुन्हा सुरू होते. ग्राहकयंत्र आपल्याजवळची प्रत आलेल्या संदेशाच्या बाजूने एकेक घर सरकवत चिन्हाला चिन्हाने गुणते आणि गुणाकारांची बेरीज करते. दोन्ही माळा तंतोतंत जुळल्या की प्रत्येक गुणाकार धन येतो आणि बेरीज १,०२३ होते, तर एका घराने जरी चुकल्या तरी धन आणि ऋण एकमेकांना खाऊन टाकतात. गोंगाटाला ही माळ ठाऊक नसल्यामुळे त्याची बेरीज त्या प्रमाणात वाढत नाही. माळ नेमकी कोणत्या क्षणी जुळली यावरून संदेशाला लागलेला वेळ कळतो आणि वेळेवरून अंतर कळते. एका चिपच्या काळात प्रकाश सुमारे २९३ मीटर जातो, म्हणून बांधाची रेषा सेंटीमीटरमध्ये ठरवण्यासाठी रोव्हरला पुढे मूळ लहरीच्या कलेचाही (फेजचाही) आधार घ्यावा लागतो, परंतु क्रमिका जुळल्याशिवाय त्या पुढच्या कामाला हात घालता येत नाही.

तुळजापुरात नवरात्रात शेजारीशेजारी तीन-चार ठिकाणी गोंधळ उभा राहतो, तेव्हा ज्याला एका संबळाची चाल ठाऊक आहे तो हाताने टाळी धरून तिच्यामागे जाऊ शकतो: त्या संबळाचा प्रत्येक ठोका टाळीवर पडत जातो आणि इतरांचे ठोके मागेपुढे सांडतात. एकाच वारंवारतेवर बोलणारे अनेक उपग्रह किंवा अनेक फोन वेगळे काढण्याची युक्ती याहून फारशी निराळी नाही, मात्र त्यासाठी प्रत्येकाची चाल दुसऱ्याच्या चालीपासून पुरेशी दूर असावी लागते.

क्रमिकेच्या या गुणाला मोजमाप आहे. एखादी माळ स्वतःच्याच सरकवलेल्या प्रतीशी किती जुळते याला स्वसहसंबंध आणि दुसरीशी किती जुळते याला परस्पर-सहसंबंध म्हणतात. पहिला फक्त शून्य सरकणीवर मोठा असावा आणि दुसरा नेहमीच लहान असावा, अशी अपेक्षा असते. खऱ्या यादृच्छिक माळा, म्हणजे नाणे उडवून मिळवलेल्या, या दोन्ही कसोट्यांना बऱ्यापैकी उतरतात, परंतु त्या ग्राहकाकडे पुन्हा निर्माण करता येत नाहीत. म्हणून अभियंत्यांनी पुनर्भरण असलेल्या सरक-नोंदवहीचा मार्ग धरला. ही काही घरांची रांग असते: दर टप्प्याला सगळे बिट एक घर पुढे सरकतात आणि रिकाम्या झालेल्या घरात काही ठरावीक घरांच्या बेरजेचे सम-विषमपण भरले जाते. घरे योग्य रीतीने जोडली तर तीन घरांची नोंदवही ७ बिटांची आणि दहा घरांची नोंदवही १,०२३ बिटांची माळ देते, आणि हे नाणेफेकीसारखे दिसणारे बिट बीजगणिताने अथपासून इतिपर्यंत बांधलेले असतात. अडचण एवढीच, की १,०२३ लांबीच्या अशा माळा एकूण ६०च आहेत आणि त्यांतल्या सगळ्याच जोड्या एकमेकींपासून चांगल्या दूर नाहीत. रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ साली योग्य अशा दोन माळांची सरकवून बेरीज करत त्याच लांबीच्या १,०२५ माळांचे कुटुंब तयार केले, ज्यात कोणत्याही दोन माळांचा परस्पर-सहसंबंध उणे एक, उणे ६५ आणि ६३ या तीन आकड्यांच्या बाहेर जात नाही. जीपीएस याच कुटुंबातल्या माळा वापरते, आणि इस्रोच्या नाविक या दिशादर्शक उपग्रह-प्रणालीनेही आपल्या पहिल्या उपग्रहांच्या नागरी संदेशांसाठी गोल्ड माळाच निवडल्या.

या सगळ्या शाखेला शिस्त लावणारा एक लेख मे १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे दिलीप सरवटे आणि मायकेल पर्स्ली हे त्याचे लेखक. जबलपूर, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि प्रिन्स्टन असा शिक्षणाचा प्रवास केलेल्या सरवटे यांचे आडनाव मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही, परंतु त्यांचे काम मराठीत क्वचितच सांगितले गेले आहे. माळांचा स्वसहसंबंध आणि परस्पर-सहसंबंध दोन्ही एकाच वेळी वाटेल तेवढे लहान करता येत नाहीत, एकाला दाबले की दुसरा वर येतो, याची मर्यादा त्यांनी सूत्रात बांधून दिली. नव्या माळा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला, पुढे केऑस नावाच्या गणिती वर्तनातून माळा काढणाऱ्यांनाही, आजपर्यंत याच कसोटीपुढे उभे राहावे लागले आहे.

केऑस म्हणजे नियम नसणे नव्हे. नियम पूर्ण ठाऊक असूनही फार पुढचे सांगता न येणे, असा त्याचा अर्थ आहे. १९६३ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवेच्या अभिसरणाच्या तीन समीकरणांत हा स्वभाव दाखवला, आणि बालाघाटच्या पठारावर पेरणी करणाऱ्याला आठवड्यापलीकडचा पावसाचा अंदाज का डळमळतो याचे मूळ कारण त्यातच आहे. त्याहून साधे उदाहरण एका ओळीच्या नियमाचे आहे: शून्य आणि एक यांमधली कोणतीही संख्या घ्यावी, तिला एकातून वजा करून येणाऱ्या संख्येने गुणावे आणि गुणाकाराची चौपट करावी, मग आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. उलाम आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९४७ मध्येच यादृच्छिक आकडे मिळवण्यासाठी हा नियम सुचवला होता, आणि १९७६ मध्ये रॉबर्ट मे यांनी प्राणिसंख्येच्या अभ्यासातून याच घराण्यातल्या नियमांकडे सगळ्या विज्ञानजगताचे लक्ष वेधले.

०.३ पासून सुरुवात केली तर ०.८४, ०.५३८, ०.९९४, ०.०२२, ०.०८८, ०.३२१, ०.८७२, ०.४४८, ०.९८९, ०.०४३ असे आकडे येतात. सुरुवात ०.३०१ पासून केली तर ०.८४२, ०.५३३, ०.९९६, ०.०१८, ०.०६९, ०.२५८, ०.७६५, ०.७१९, ०.८०८, ०.६२० येतात. पहिली काही पावले दोघांची वाट एकच दिसते, आठव्या पावलाला एक अर्ध्याच्या खाली आणि दुसरा वर जातो, आणि दहाव्या पावलानंतर दोघांत काही नाते उरत नाही, कारण या नियमात दोन वाटांमधले अंतर सरासरीने दर पावलाला दुप्पट होते आणि एक-हजारांश फरक दहा वेळा दुप्पट झाला की पूर्ण एकाच्या घरात पोहोचतो. आता प्रत्येक आकडा अर्ध्याहून मोठा असेल तर अधिक आणि लहान असेल तर उणे असे लिहिले, की पहिल्या सुरुवातीतून तीन अधिक, तीन उणे, अधिक, उणे, अधिक, उणे अशी माळ मिळते आणि दुसरीतून आठव्या घरापासून वेगळी होणारी दुसरी माळ मिळते. दीर्घ काळात निम्मे आकडे अर्ध्याच्या वर आणि निम्मे खाली पडतात, त्यामुळे माळेत अधिक-उण्याचा तोलही आपोआप सांभाळला जातो.

१९९२ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या हैदरी-बतेनी आणि मॅकगिलेम यांनी अशा आकड्यांच्या माळा प्रचलित माळांना पर्याय म्हणून मांडल्या. त्यांचा युक्तिवाद आकर्षक होता. बीजगणिती कुटुंबात माळांची संख्या आणि लांबी दोन्ही बांधलेली असतात, तर केऑटिक नियमात सुरुवातीचा एक आकडा बदलला की नवी माळ तयार होते, तिची लांबी हवी तेवढी ठेवता येते आणि प्रेषक-ग्राहकांना परस्परांना फक्त एक नियम व एक आकडा सांगावा लागतो. जपानमधील क्यूशू विद्यापीठात तोहरू कोहदा आणि अकिओ त्सुनेदा यांनी याच दशकात या माळांचे सांख्यिकीय गुण सिद्ध करण्याचे काम केले, ज्यामुळे हा विषय केवळ संगणकावरच्या प्रयोगांवर अवलंबून राहिला नाही.

तरीही केवळ विपुलता एवढाच गुण असता तर केऑटिक माळांना फारसे महत्त्व आले नसते. त्यांचा खरा गुण निराळा आहे आणि तो समजण्यासाठी मोबाईलच्या एका जुन्या पिढीकडे जावे लागते. २००० नंतरच्या दशकात खेड्यांतून जे डब्ल्यूएलएलचे बिनतारी संच आणि रिलायन्स किंवा टाटा इंडिकॉमचे हँडसेट आले, ते सीडीएमए पद्धतीवर, म्हणजे एकाच पट्ट्यात प्रत्येकाला स्वतंत्र माळ देण्याच्या पद्धतीवर चालत. टॉवरकडून फोनकडे येताना सगळ्या माळा एका ठेक्यात सोडता येतात. पण कळंबच्या बाजारातून बोलणारा आणि शेतातून बोलणारा टॉवरपासून वेगवेगळ्या अंतरावर असल्यामुळे त्यांचे संदेश टॉवरकडे जाताना अर्ध्या-पाव चिपने मागेपुढे होतात. एकाची चिप दुसऱ्याच्या दोन लगतच्या चिपांवर अंशतः पडते आणि त्या दोन्हींची मिळून होणारी बेरीज हाच पहिल्याच्या दृष्टीने अडथळा ठरतो.

इटलीतील जानलुका माझ्झिनी, रिक्कार्दो रोव्हात्ती आणि जानलुका सेत्ती यांनी १९९७ पासूनच्या कामात नेमका इथे प्रश्न विचारला: अशा वेळी नाणेफेकीसारखी माळ सर्वोत्तम असते का? उत्तर नाही असे आले. लगतच्या दोन चिपांची चिन्हे विरुद्ध असण्याकडे थोडा कल असेल तर दुसऱ्याच्या चिपवर अर्धवट पडणारे त्यांचे तुकडे काही प्रमाणात एकमेकांना पुसून टाकतात आणि अडथळा कमी होतो. हा कल फार वाढवला तर मात्र माळ अधिक-उणे-अधिक-उणे अशी साचेबंद होऊन सगळ्याच माळा सारख्या दिसू लागतात. दोहोंच्या मधला सर्वोत्तम बिंदू गणिताने काढता येतो: लगतच्या चिपांचा सहसंबंध तीनच्या वर्गमुळातून दोन वजा केल्यावर येतो तेवढा, म्हणजे उणे ०.२७च्या सुमारास, असावा आणि पुढच्या प्रत्येक अंतराला तो त्याच पटीने घटत व चिन्ह बदलत जावा. साध्या भाषेत, शंभर लगतच्या जोड्यांपैकी सुमारे ६३ वेळा चिन्ह बदलावे आणि ३७ वेळा तेच राहावे. असे केले तर तेवढ्याच गुणवत्तेत, शुद्ध यादृच्छिक माळांच्या तुलनेत, सुमारे १५ टक्के अधिक वापरकर्ते सामावतात. मुद्दा असा, की हा नेमका कल अंगी असलेला केऑटिक नियम सरळ रेषांच्या काही तुकड्यांतून हवा तसा रचता येतो, आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्येक माळेत तो कल उतरतो. केऑसचे मोल त्याच्या गूढपणात शोधणाऱ्या लिखाणात ही गोष्ट सहसा मागे पडते, वास्तविक त्याचे मोल त्याच्या घडणसुलभतेत आहे: अनियमिततेलाही पाहिजे तो स्वभाव देता येतो.

या घडणसुलभतेची किंमत यंत्रात शिरताना चुकवावी लागते. वर सांगितलेला चौपटीचा नियम कागदावर अनंत दशांश स्थळांवर चालतो, तर यंत्रातला प्रत्येक आकडा मोजक्या अंकांचा असतो. याचा परिणाम हातानेही पडताळता येतो. त्याच ०.३० पासून सुरुवात करून प्रत्येक उत्तर दोनच दशांश स्थळांपर्यंत ठेवले तर ०.८४, ०.५४, ०.९९, ०.०४, ०.१५, ०.५१ असे आकडे येतात, पुढचे उत्तर १.०० येते, आणि एकाला शून्याने गुणावे लागल्यामुळे त्यापुढे कायम शून्य. आठ पावलांत केऑस संपतो.

अशा शेवटाचे सर्वांत सुंदर उदाहरण महाराष्ट्रातच सापडले होते. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली दाखवले, की चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावावेत आणि मोठ्यातून लहान वजा करावी, तर हीच क्रिया पुन:पुन्हा केल्यावर सात पावलांच्या आत ६१७४ येते आणि तिथून सुटका नसते. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्या पावलाला ६१७४. कापरेकरांच्या क्रियेत आणि संगणकात शिरलेल्या केऑटिक नियमात एक मूलभूत साम्य आहे: मांडता येणाऱ्या संख्यांची गणती जर संपणारी असेल आणि नियम ठरलेला असेल, तर कधी ना कधी जुना आकडा परत यावाच लागतो आणि तो आला की पुढचे सगळे चक्र ठरून जाते. प्रश्न फक्त चक्र केवढे, याचा उरतो. सरक-नोंदवहीचे बीजगणित ते आधीच सांगते. केऑटिक नियमाचे चक्र मात्र, अंदाजाने, मांडता येणाऱ्या संख्यांच्या वर्गमुळाच्या आसपास असते आणि दुर्दैवी सुरुवातीला त्याहून फार लहान असू शकते. ३२ घरांची नोंदवही जीपीएसच्या गतीने चालवली तर सुमारे ७० मिनिटे पुनरावृत्ती न करता चालते, तर तेवढ्याच बिटांच्या केऑटिक नियमाकडून सरासरीने ४० हजारांच्या सुमाराची, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात संपणारी माळ अपेक्षित धरावी लागते. ज्या यंत्रणेवर लाखो लोकांच्या हद्दी आणि विमानांच्या वाटा ठरतात तिने सरासरीवर समाधान मानू नये, हे उघड आहे.

गुप्ततेच्या दाव्याकडेही तितक्याच कठोरपणे पाहायला हवे. लुई पेकोरा आणि थॉमस कॅरोल यांनी १९९० मध्ये दोन केऑटिक विद्युतमंडले एकमेकांशी ताळ धरू शकतात हे दाखवल्यावर, केऑसच्या आवरणाखाली संदेश लपवण्याची कल्पना जोरात पसरली. परंतु चारच वर्षांत केव्हिन शॉर्ट यांनी अशा आवरणातून मूळ संदेश बाहेर काढून दाखवला. ज्या नियमात जवळून सुरू होणाऱ्या वाटा काही पावले जवळच राहतात, तिथे निरीक्षणावरून नियमाचा अंदाज बांधता येतो, म्हणून दिसायला अनियमित असणे आणि गुपित राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकाशतंतूंवर मात्र या विचाराला काही यश मिळाले: २००५ मध्ये अथेन्स शहरातील १२० किलोमीटरच्या तंतूजालावर केऑटिक लेसरांनी संदेश नेण्याचा प्रयोग यशस्वी झाला.

२९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहाबरोबर नाविक प्रणालीने १,५७५.४२ मेगाहर्ट्झवर नवा नागरी संदेश सुरू केला, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या १०,२३० लांबीच्या माळाही चारने भागल्यावर उरणाऱ्या बाकीच्या अंकगणितातून बांधलेल्या, म्हणजे पुन्हा बीजगणिताच्याच होत्या. केऑसचे संशोधन त्यामुळे थांबलेले नाही आणि महाराष्ट्रातही ते चालू राहिले आहे. वर्षा दफ्तरदार-गेजी आणि सचिन भालेकर यांनी २०११ साली मांडलेली तीन समीकरणांची केऑटिक प्रणाली आज त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते, आणि अशा दोन प्रणाली परस्परांशी ताळ कशा धरतात हा त्यांच्या त्या कामाचाच भाग होता.

आखूड चक्राच्या त्या अडचणीवर अभियंत्यांनी दोन्ही परंपरांना एकत्र आणणारी रचना शोधली. केऑटिक नियम चालू ठेवायचा आणि दर काही पावलांनी त्याच्या आकड्याच्या सर्वांत शेवटच्या बिटांत एका लहान सरक-नोंदवहीचे बिट मिसळायचे, म्हणजे चक्रात अडकू पाहणारी वाट किंचित हलते, केऑसचा स्वभाव हा हलका धक्का काही पावलांत मोठा करतो आणि माळ नव्या दिशेने निघते. शून्यावर येऊन बसलेला आकडाही अशा धक्क्याने पुन्हा चालू लागतो. माळेचे सांख्यिकीय गुण केऑटिक नियमाकडून मिळतात, आणि तिचे चक्र किमान किती लांब असेल याची हमी त्या लहान नोंदवहीच्या बीजगणितातून देता येते.